ताकद वाढली म्हणून ताठरता वाढत नाही



‘फे ४१५ ऐवजी फे ५०० सळई वापरली की स्लॅब कमी वाकतो,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान चुकीचे आहे. घर बांधणारे वाचक त्यावर विसंबतील, म्हणून हा खुलासा.

४१५ आणि ५०० हे आकडे सळई कायमची ताणली जाण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन प्रतिबल सोसते, ते सांगतात. ताठरता वेगळी. प्रतिबलाला विकृतीने, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेल्या वाढीने, भागले की यंगचा गुणांक मिळतो. तो दोन्ही सळयांचा सारखाच, सुमारे २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असतो. त्यामुळे २०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर प्रतिबलाखाली दोन्ही सळया मीटरमागे एकच मिलिमीटर वाढतात.

उलट, ताकद जास्त म्हणून लोखंड कमी घातले, तर उरलेल्या सळयांवरचे प्रतिबल वाढते, त्या अधिक ताणल्या जातात आणि स्लॅबचा झोल व भेगा वाढू शकतात. झोल रोखायचा तर गाळ्याच्या मानाने स्लॅबची जाडी, काँक्रीटची प्रत आणि पुरेसे क्युरिंग यांकडे लक्ष द्यावे. केवळ सळईच्या ग्रेडवर विसंबून जाडी कमी करण्याचा सल्ला कोणीही मानू नये.

– एक स्थापत्य अभियंता, सांगली