चेहऱ्यावरच्या पुळ्या आणि क्षयाचा शिक्का

गेल्या वर्षी एक सत्तावीस वर्षांचा तरुण आईला घेऊन दवाखान्यात आला. गालांवर, नाकाच्या बाजूंना आणि खालच्या पापण्यांवर लालसर-तपकिरी बारीक पुळ्या होत्या. मुरुम समजून मी मलम दिले. दीड महिन्याने पुळ्या वाढल्याच होत्या. मधल्या काळात दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलमही लावून झाले होते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ साली झाला, पण गावात विचारतो कोण?

मुरुम पापणीवर सहसा येत नाही, हे मी आधीच लक्षात घ्यायला हवे होते. पुळीवर काच दाबून पाहिली. लाली जाऊन पिवळट ठिपका उरला. मग तुकडा काढून तपासायला पाठवला, पण चिठ्ठीवर 'चेहऱ्यावरील पुळी' एवढेच लिहिले. अहवालात क्षयासारख्या गाठी असल्याचे आले. तो वाचून कोणीतरी सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुचवली आणि घरात मुलाचे ताट-पेला वेगळा झाला.

त्याला ना खोकला, ना ताप. वजन घटलेले नव्हते, छातीचा फोटोही स्वच्छ. त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा आणि अहवाल एकत्र पाहून निदान केले : 'ल्यूपस मिलिॲरिस डिसेमिनेटस फेशिई'. नाव भले लांबलचक, पण हा विकार संसर्गजन्य नाही. पूर्वी याला क्षयाचाच प्रकार मानत. मात्र या पुळ्यांत क्षयाचे जंतू सापडत नाहीत आणि क्षयाच्या औषधांनी त्या जातही नाहीत. बहुधा एक ते तीन वर्षांत आपोआप ओसरतात, पण मागे खड्डे राहतात. म्हणून उपचार लवकर हवेत. डॉक्सीसायक्लिन, डॅप्सोन, आयसोट्रेटिनॉइन यांपैकी काही देतात. हमखास गुण देणारे एकच औषध नाही. आयसोट्रेटिनॉइनने गर्भात व्यंग येते, तेव्हा स्त्रियांनी फार जपावे.

त्वचेचा खरा क्षय आपल्याकडे आहेच, त्याची शंका घ्यावीच. पण नुसत्या काचपट्टीवरून क्षयाचा शिक्का मारणे मला पटत नाही. यकृताला त्रास देऊ शकणारी औषधे विनाकारण सहा महिने का गिळावीत? तुकडा पाठवताना डॉक्टरांनी पुळ्या कुठे, किती दिवसांच्या, पापणीवर आहेत का, हे लिहावे. रुग्णानेही चेहऱ्याला सुई नको म्हणून अडून बसू नये; व्रण अगदी बारीक राहतो.

या मुलाच्या पुळ्या चार महिन्यांत बसल्या. दोन-तीन खड्डे राहिले. ताट मात्र परत घरच्या ताटांत जायला मला दोनदा त्याच्या घरी जावे लागले.