खुंट राखा, रान राहील



"तुम्ही झाडं तोडता म्हणून जनावरं गेली," असं साहेब म्हणतात आणि आपण मान खाली घालून ऐकतो. ज्या इंग्रजांनी 1864 साली इथं जंगल खातं आणलं, त्यांच्याच देशातलं एक रान बघा.

सफोक जिल्ह्यात ब्रॅडफील्ड वुड्स नावाचं राखीव जंगल आहे. तिथं 1252 सालापासून तोड चालल्याच्या नोंदी आहेत. ॲश आणि हेझल ही झाडं जमिनीलगत तोडतात, खुंट जिता ठेवतात. आपल्या सागाला, ऐनाला फुटतात तसे त्याला धुमारे फुटतात. दरवर्षी थोडाच तुकडा तोडायचा, बाकीचा वाढू द्यायचा. काही वर्षांनी पुन्हा त्याच खुंटावर पाळी येते. त्यातून काठ्या मिळतात, कुंपण होतं, सरपण होतं.

तोडलेल्या तुकड्यात ऊन पडतं, रानफुलं येतात, फुलपाखरं येतात. पुढं झुडपं गच्च झाली की पाखरं घरटी करतात. डॉरमाऊस नावाचा उंदरासारखा छोटा प्राणी त्याच झाडीत राहतो, हेझलची फळं खातो. इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी ही तोड बंद पडली. तिथं रान अंधारलं, फुलं-फुलपाखरं घटली. म्हणून आज निसर्ग राखणारेच तिथं तोड करतात.

याच जंगलाचा मोठा भाग 1960 नंतरच्या काळात शेतीसाठी मुळासकट काढला. तो गेला तो गेलाच. खाणीसाठी, धरणासाठी आपल्याकडं रान असंच मुळासकट जातं. तेव्हा कुणी साहेब जनावरांचं नाव काढत नाही.

पण कशीही तोड करा असं मी म्हणत नाही. कोवळे धुमारे हरणांनी खाऊ नयेत म्हणून तिथं कुंपण घालतात. आपल्याकडं गुरं आहेत, वणवा आहे. नियम आपल्यालाच करावा लागेल.

2006 च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वन राखायचा आणि त्याचा कारभार करायचा हक्क गावाला दिलाय. अभयारण्यातल्या माणसांनाही ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय हलवता येत नाही. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत सामूहिक दावा मांडा. त्याच बैठकीत ठरवून लिहा: यंदा कुठला तुकडा तोडायचा, कुठला राखायचा, धुमाऱ्यांवर राखण कोण करणार. साहेब पुन्हा बोलले की तो कागद पुढं करा.

जिंदाबाद!