विझार्ड, वॉरलॉक आणि रवळनाथाचा कौल

टेबलावर नवीन भिडू आला की पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न ठरलेला असतो: "जादू करणाऱ्यांत सगळ्यात भारी कोण?" उत्तर एका शब्दाचं आहे. विझार्ड. पन्नास वर्षांत नियमांच्या किती आवृत्त्या आल्या-गेल्या, हे उत्तर फारसं बदललेलं नाही. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल :)

बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, गप्पा मारत, वीस बाजूंचे फासे टाकत खेळायचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत काढला. एक जण डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. आमचा अड्डा पुण्यात शनिवारी रात्री जमतो, पाच भिडू आणि मास्टर मी. मी मूळचा मालवण तालुक्यातला, त्यामुळे गेली तीन वर्षं आमची मोहीम युरोपातल्या किल्ल्यांत नाही, तर मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका (काल्पनिक) गावात चालू आहे. आणि तिथे आल्यावर एक गंमत झाली. पुस्तकातले जादूगार माझ्या गावात नेऊन उभे केले, तर त्यांतले काही लगेच रुळले आणि काही अगदी पाहुण्यासारखे अंगणात उभे राहिले.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की जादूगारांची तुलना कोण किती नुकसान करतो यावर करूच नये. त्यासाठी एक्सेल शीट पुरे. त्याची शक्ती आली कुठून आणि ती देणारा कधी "नाही" म्हणू शकतो का, हे बघावं.

विझार्डला कुणी नाही म्हणत नाही. तो शिकून मोठा झालेला माणूस. पहिल्या पातळीला त्याच्या वहीत सहा मंत्र असतात, पुढे दर पातळीला दोनाची भर. आणखी हवे असतील तर दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचे, मंत्राच्या दर पायरीमागे दोन तास आणि सोन्याची पन्नास नाणी मोजून. (आपण हापिसात हेच काम फुकटात करतो.) जुन्या नियमांत एकदा म्हटलेला मंत्र डोक्यातून पुसलाच जायचा. ही कल्पना गायगॅक्सने जॅक व्हान्सच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ'मधून घेतली. आता तेवढं कडक राहिलेलं नाही, पण सकाळी उठून आज काय लागेल याचा अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे मंत्र तयार ठेवायचे, हे अजून आहे. आमच्या पाच भिडूंपैकी चार सॉफ्टवेअरवाले, आणि चौघांनीही पहिल्यांदा विझार्डच निवडला होता. त्यात नवल नाही. अभ्यास केला, परीक्षा दिली, गाव सोडलं, ही आपलीच गोष्ट आहे. आणि एका बाबतीत तो सगळ्यांत न्यायीही आहे. त्याला बाप कोण हे कुणी विचारत नाही, वाचता आलं की झालं.

सॉर्सररचं अगदी उलट. हा खेळात आला २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. त्याला अभ्यास नको, वही नको, जादू रक्तातच. पणजोबा ड्रॅगन होता, संपला विषय. २०१४ च्या पुस्तकात पहिल्या पातळीला त्याला मोजून दोन मंत्र येतात आणि विसाव्याला पंधरा, पण तेच मंत्र तो असे काही वाकवतो की बघत राहावं. मंत्र न पुटपुटता, हातही न हलवता जादू करणं त्यालाच जमतं. पुस्तकात त्याच्याबद्दल बरंच लिहिलंय. एक गोष्ट मात्र कुणी विचारलेली नाही: त्याच्या भावाचं काय? चुलतभावाचं काय? रक्त तर तेच आहे!

हा प्रश्न कोकणातल्या माणसाला पहिल्यांदा सुचतो. कारण आमच्याकडे देवळातले मान रक्तानेच चालत येतात. गाऱ्हाणं कुणी घालायचं, तरंग कुणी उचलायचं, पालखीला पहिला खांदा कुणाचा, हे सगळं घराण्यावर ठरलेलं. आणि त्या घराण्याला शाखा फुटल्या की थोरली पाती कुठली यावरून जे सुरू होतं ते विचारू नका. मानपानाच्या वादात उत्सव अडकून पडलेत, प्रकरणं कोर्टात गेलीत, अशी गावं सिंधुदुर्गात आहेत. आमच्या एका भिडूने सॉर्सरर घेतला तेव्हा मी त्याला काही बोललो नाही. फक्त तिसऱ्या शनिवारी त्याचा मुंबईचा चुलतभाऊ एसटीतून उतरवला, हातात वंशावळ घेऊन. पुढचे दोन महिने ड्रॅगन वगैरे बाजूलाच राहिले!

ड्रुइडबद्दल थोडक्यात. झाडांशी बोलणारा, प्राण्यांची रूपं घेणारा. देवराई असलेल्या मुलुखात तो चपखल बसेल असं वाटलं होतं, पण बसला नाही. आमच्याकडे देवाच्या राईतली काटकीसुद्धा उचलायला लोक कचरतात ती भीतीपोटी, प्रेमापोटी नाही. ड्रुइड कुणालाच घाबरत नाही. बार्ड मात्र एकदम फिट्ट. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, राजा आणि राक्षस उभ्या-उभ्या संवाद रचतात, आणि दिवसा स्वतःची पेटी स्वतः वाहणारा माणूस रात्री इंद्र होतो. याहून बार्ड आणखी काय असणार.

आता वॉरलॉक. माझा लाडका, आणि माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात प्रामाणिक वर्ग. २००४ साली एका पुरवणी पुस्तकातून आला, २००८ च्या चौथ्या आवृत्तीत मुख्य पुस्तकात गेला. त्याने कुणाशी तरी करार केलेला असतो: परी, सैतान, किंवा नाव घेऊ नये असलं काहीतरी. त्याला जादूच्या 'जागा' फार थोड्या, दुसऱ्या पातळीपासून दहाव्यापर्यंत फक्त दोन. पण तासभर विसावा घेतला की त्या परत मिळतात. त्याला सगळं उसनं मिळालेलं आहे आणि ते तो विसरू शकत नाही.

देवाशी करार आम्हाला नवा नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला (जयवंत दळव्यांचं आरवली) वेतोबा आहे. त्याला नवसाच्या केळ्यांबरोबर चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, असं लोक मानतात. पण फरक बघा. नवस हा पोस्टपेड आहे, काम झालं की चपला. आणि काय द्यायचं ते दोन्ही बाजूंना आधीच माहीत. वॉरलॉकचं बिल किती येणार ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि बहुतेक मास्टर ते कधी पाठवतच नाहीत! मग कराराला अर्थ काय? मी पाठवतो. आमच्या वॉरलॉकचा करार वेशीवरच्या राखणदाराशी आहे. अमावस्येला गावात नसलं की दुसऱ्या दिवशी जादू बंद. रजा नाही, वर्क फ्रॉम होम नाही.

इथेच एक नको ती गोष्ट टेबलावर आली. मोहिमेत खलनायक हवा होता. एका भिडूने सुचवलं, वाडीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी असू दे, विधवा, लोक तिला चेटकीण म्हणतात, आणि शेवटी कळतं की ती खरंच आहे. सूचना वाईट मनाने केलेली नव्हती, सिनेमात हेच तर असतं. मी नाही म्हटलं, आणि यावर आमचा अर्धा शनिवार वादात गेला.

माझं म्हणणं साधं होतं. खेळात आपण आपला वर्ग निवडतो. पानावर वॉरलॉक लिहितो, खोडून बार्ड करतो. गावात तो दुसरे लोक आपल्यासाठी निवडतात. कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर आजारी पडलं, की शेजारणीने करणी केली असं ठरतं, कुणी मूठ मारली असं ठरतं, आणि जिच्यावर ठरतं तिच्याकडे मंत्र सोडाच, बाजू घ्यायला माणूसही नसतो. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला. एखादी व्यक्ती करणी करते असं सांगत तिचं जगणं मुश्किल करणं हा आता गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ज्या शहरात तो खून झाला त्याच शहरात बसून मी फासे टाकून सिद्ध करणार की म्हातारी खरंच चेटकीण होती? भिडू म्हणाला, "अरे खेळ आहे." खेळच आहे. म्हणून तर खलनायक कुणीही असू शकतो. शेवटी आम्ही वाळू उपसणारा एक सावकार घेतला, आणि तो भिडू अजूनही म्हणतो की म्हातारी जास्त भीतीदायक झाली असती. ते खरंय. मला तीच भीती नको होती.

असो. राहिला क्लेरिक, देवाचा माणूस, १९७४ पासून खेळात असलेला. वरवर बघता आमच्या गुरव-घाड्यांचा सख्खा भाऊ. प्रत्यक्षात सगळ्यात लांबचा. क्लेरिक सकाळी यादीतून मंत्र निवडतो आणि देव ते निमूट पुरवतो. घाड्याकडे असली शक्ती नसते. तो गावाच्या वतीने बोलतो, वकिलासारखा, आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यावर सही करतात. आमची क्लेरिक खेळणारी मुलगी (मूळची नागपूरची, मालवणी माझ्याकडून शिकली) आता मंत्राचं नाव घेतच नाही. ती म्हणते, "बा देवा रवळनाथा, ह्या पाच पोरांका त्या भुयारातसून सुखरूप भायर काड रे म्हाराजा!" मग पाच जण ओरडतात आणि खालच्या मजल्यावरचे काका दार वाजवतात.

देवाने नाही म्हणायची सोय पुस्तकात एके काळी होती. २०१४ च्या नियमांत क्लेरिकला दहाव्या पातळीला 'दैवी हस्तक्षेप' मिळायचा. शंभराचा फासा टाकायचा, आकडा आपल्या पातळीइतका किंवा कमी आला तरच देव धावून येणार. म्हणजे शंभरात दहा. शकुन बघायचा एक मंत्रही होता: उत्तर शुभ, अशुभ, दोन्ही, किंवा काहीच नाही. आणि एकाच दिवसात पुन्हा पुन्हा विचारलंत तर दर खेपेला भलतंच उत्तर येण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांनी वाढायची. हे लिहिणाऱ्याने कधी कौल लागताना बघितला असेल का, अशी मला शंका आहे. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची, साधारणपणे उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात मिळत नाही, कौलानेच ठरते, आणि तोपर्यंत मुंबईचे चाकरमानी तिकिटांसाठी ताटकळतात. आचऱ्याची गावपळणही रामेश्वराच्या कौलावर. दर काही वर्षांनी अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस-रात्र वेशीबाहेर जाऊन राहतं.

२०२४ च्या नव्या पुस्तकात दैवी हस्तक्षेप हमखास करून टाकलाय. दहाव्या पातळीला, दिवसातून एकदा, पाचव्या पायरीपर्यंतचा जवळजवळ कुठलाही मंत्र फुकट. फासा नाही, नकार नाही. भिडूंची सोय झाली हे मान्य. पण मग तो देव कसला, ते एपीआय झालं.

आमच्याकडे जुनाच नियम चालतो. आमच्या क्लेरिकने आतापर्यंत अकरा वेळा हाक मारलीय आणि रवळनाथ आलाय एकदा. मागच्या महिन्यात भरतीच्या वेळी होडी खडकावर आपटणार होती तेव्हा फाशावर ७८ पडले. नाही म्हणजे नाही. होडी फुटली, विझार्डची वही खाडीत गेली, आणि रात्री अडीच वाजेपर्यंत पाच जण चिखलात उभे राहून भांडत होते की गाऱ्हाण्यात नेमकं काय मागायचं राहिलं.