रांगेत उभे राहण्याचा परवाना

दिवाळीत किंवा लग्नसराईत फैजपूर, न्हावी, सावदा, भालोद या टापूत चार माणसे एकत्र बसली की केळीच्या भावानंतर दुसरा विषय निघतो तो अमेरिकेतल्या मुलांचा. "तुमच्या पोऱ्याचं कार्ड आलं का, अण्णा?" हा त्यातला ठरलेला प्रश्न. त्यावरचे उत्तरही बहुधा ठरलेलेच असते: "अर्ज मंजूर झाला म्हणतो, पण कार्ड नाही आलं." विचारणारा गोंधळतो. अर्ज मंजूर झाला असेल तर कार्ड का नाही? आणि दहा-बारा वर्षे तिथे राहून नोकरी, घर, गाडी सगळे झालेल्या माणसाला आता कशाची भीती?

मी आयुष्यभर गणित शिकवले. माझे कितीतरी विद्यार्थी आज या रांगेत उभे आहेत. त्यांच्याशी बोलताना आणि त्यांच्या आईवडिलांच्या शंका ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. कायम वास्तव्याचा अर्ज आणि आज तिथे राहण्याचा हक्क या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हेच इकडे पोहोचलेले नाही. अर्ज रांगेत असला तरी त्या रांगेत उभे राहण्याचा परवाना वेगळा मिळवावा लागतो आणि तो पुन:पुन्हा नवा करावा लागतो. हा परवाना हुकला तर आयुष्याची घडीच विस्कटते.

आमच्या भागातून ही वाट कशी निघाली तेही पाहिले पाहिजे. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि फैजपूरसारख्या गावातही अभियांत्रिकी शिक्षण आले. केळीच्या पैशावर फी भरून शेतकऱ्यांची मुले संगणक शिकली, पुण्या-मुंबईला गेली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॉफ्टवेअर कंपन्यांमार्फत अमेरिकेला पोहोचली. ज्या एच-वन बी व्हिसावर ती गेली, तो आजच्या स्वरूपात १९९० च्या अमेरिकी कायद्याने आणला. त्याच कायद्याने त्यांच्या रांगेचे मापही ठरवून टाकले.

नोंद ऊसाची, तोड कधीची?

त्या कायद्याने नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे ठरवली आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण ७ टक्क्यांहून अधिक द्यायची नाहीत, असा दंडक घातला. म्हणजे भारताच्या वाट्याला ९,८०० आली. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांची जी दुसरी श्रेणी आहे, तिच्यात तर सुमारे २,८०० च. इतर देशांची कार्डे उरली तर काही वर्षी भर पडते, एवढाच दिलासा. शिवाय बायको आणि मुलेही याच आकड्यात मोजली जातात. आइसलँडला तीच टक्केवारी आणि भारतालाही तीच. इथे नागरिकत्व पाहत नाहीत, जन्मस्थान पाहतात. फैजपुरात जन्मलेला माणूस पुढे इंग्लंडचा नागरिक झाला तरी तो भारताच्याच रांगेत राहतो. उलट त्याच्या पत्नीचा जन्म मस्कतला किंवा कुवेतला झालेला असेल, तर तिच्या जन्मस्थानाच्या आखूड रांगेत दोघांनाही जाता येते!

शेतकऱ्यांना हे समजावताना मी ऊसाचा दाखला देतो. आमच्याकडे मधुकर सहकारी साखर कारखान्याच्या भरभराटीच्या काळात लागवडीची तारीख नोंदवहीत पडे आणि तिच्या क्रमाने तोड मिळे. अमेरिकेतही तसेच आहे. कंपनी आधी कामगार खात्याकडे जाते. 'या जागेसाठी स्थानिक माणूस मिळाला नाही' असे तिथे दाखवावे लागते. तो अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती तुमची नोंदीची तारीख. मग कंपनीची आय-१४० ही विनंती मंजूर होते. गावात 'अर्ज मंजूर झाला' म्हणतात तो हाच. तिसरा आणि खरा अर्ज, म्हणजे आय-४८५, आपली तारीख आल्यावरच भरता येतो. अमेरिकेचे परराष्ट्र खाते या तारखा दर महिन्याला जाहीर करते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या श्रेणीत भारतीयांची तारीख १ जानेवारी २०१३ वर होती. म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या नोंदीला तोड मिळत होती! कुटुंबीय धरून या रांगेतल्या भारतीयांची संख्या दहा लाखांहून अधिक असल्याचा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. आज नोंद करणाऱ्याची तोड त्याच्या हयातीत येईल की नाही, हा प्रश्न त्यामुळेच विचारला जातो.

परंतु नोंद झाली म्हणून ऊसाला पाणी देणे कुणी थांबवत नाही. तोड येईपर्यंत पीक उभे राहिले पाहिजे. अमेरिकेतला 'स्टेटस' सांभाळणे म्हणजे हेच पाणी देणे.

साठ दिवसांचे आयुष्य

एच-वन बीची मूळ मुदत तीन अधिक तीन अशी सहा वर्षांची. रांग सहा वर्षांत संपत नाही म्हणून २००० साली अमेरिकी संसदेने कायदा करून सवलत दिली: आय-१४० मंजूर असेल आणि तारीख आली नसेल, तर तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. याच सवलतीवर हजारो मराठी घरे उभी आहेत. मात्र ही मुदतवाढ नोकरीला बांधलेली असते. नोकरी गेली की २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे फार तर साठ दिवस मिळतात. वास्तव्याची तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. त्या अवधीत नव्या कंपनीने अर्ज भरला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज केला पाहिजे, नाहीतर देश सोडला पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मेटाने ११ हजार आणि २०२३ च्या जानेवारीत गुगलने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी घरांत भिंतीवरच्या कालनिर्णयावर दिवस मोजले गेले.

इतकी वर्षे पगार, कर, घराचे हप्ते सगळे चोख असताना साठ दिवसांत मुलांची शाळा सोडवून परत यायचे, यात न्याय कोणता? पण कायदा तो प्रश्न विचारत नाही. मुदत संपल्यानंतर १८० दिवसांहून अधिक राहून मग देश सोडला तर तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा अधिक राहिले तर दहा वर्षे प्रवेशबंदी, ही १९९६ च्या कायद्याची तरतूद आहे.

चुका मोठ्या नसतात, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का देशात शिरण्यापुरता. किती दिवस राहायचे हे आय-९४ या नोंदीवरची तारीख सांगते. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी अनेकदा तीच तारीख आय-९४ वर घालतो. व्हिसा २०२८ पर्यंतचा आहे म्हणून माणूस निश्चिंत असतो आणि इकडे वास्तव्याची तारीख २०२६ मध्येच उलटून जाते! घर बदलले तर दहा दिवसांत पत्ता कळवावा लागतो. पगार कंपनीने विनंतीत लिहिलेल्या रकमेपेक्षा कमी नको, कामाचे ठिकाण दूर गेले तर सुधारित अर्ज हवा. बढतीने कामाचे स्वरूप फार बदलले तर पहिल्या दोन पायऱ्या पुन्हा चढाव्या लागू शकतात. नोंदीची जुनी तारीख टिकते, एवढेच समाधान. त्यामुळे हुशार माणसे वर्षानुवर्षे एकाच खुर्चीत बसून राहतात. मालकाला असा नोकर सोयीचाच असतो. रांग लांब ठेवण्यात कुणाचे हित आहे, हे यावरून समजावे.

घरची वाट

सर्वांत जड जाते ते घरी येणे. शिक्का संपलेला असेल तर इथल्या वकिलातीत मुलाखत देऊन नवा घ्यावा लागतो आणि तो मिळेपर्यंत परतीची वाट बंद. २०२५ च्या सप्टेंबरपासून मुलाखतीची सूट बहुतेकांसाठी संपली, आणि कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन शिक्का घेण्याची पळवाटही बंद झाली. १९ सप्टेंबर २०२५ ला एच-वन बीच्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. ते फक्त नव्या अर्जांना आहे, असा खुलासा दुसऱ्या दिवशी होईपर्यंत सुटीवर आलेल्या कित्येकांनी मिळेल ते विमान पकडले. १५ डिसेंबर २०२५ पासून अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खाती तपासणे सुरू झाले. मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि लग्नासाठी दोन आठवडे आलेली माणसे इथेच अडकली. माझ्या एका विद्यार्थ्याने वडिलांचे दहावे संगणकाच्या पडद्यावर पाहिले. त्याला येता आले असते, पण परत जाता येईल याची खात्री नव्हती.

सुनांची कथा आणखी वेगळी. त्यांच्या एच-फोर व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. २०१५ च्या मे महिन्यापासून, पतीची आय-१४० मंजूर असेल तर ती मिळू लागली. त्या परवानगीचे नूतनीकरण रखडले तरी जुनी आपोआप पुढे चालत असे. ही सोय ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना काढून घेण्यात आली. म्हणजे कागद वेळेवर आला नाही तर अभियंता सुनेने घरी बसायचे.

मुलांचे त्याहून अवघड. दोन वर्षांचे असताना इथून गेलेले मूल एकविसाव्या वर्षी 'आश्रित' राहत नाही. आय-१४० वर निर्णय व्हायला लागलेले दिवस वयातून वजा होतात, पण बारा-पंधरा वर्षांच्या रांगेपुढे ते कितीसे पुरणार? मग त्याच देशात वाढलेल्या मुलाने परदेशी विद्यार्थी म्हणून नवा व्हिसा मागायचा. त्याच घरातले तिथे जन्मलेले धाकटे भावंड मात्र जन्मापासून नागरिक.

फुले आणि फाइली

हे बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००७ च्या जुलैत सर्वांच्या तारखा खुल्या झाल्याचे जाहीर झाले. लोकांनी वकिलांची फी भरली, वैद्यकीय तपासण्या केल्या आणि २ जुलैला ती घोषणा मागे घेण्यात आली. तेव्हा भारतीयांनी 'लगे रहो मुन्नाभाई'चा धडा गिरवला. अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. संचालकांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवली. १७ जुलैला खात्याने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. महात्माजींच्या आग्रहामुळे १९३६ चे काँग्रेस अधिवेशन ज्या खेड्यात भरले, त्या फैजपूरच्या माणसाला या गांधीगिरीचे कौतुक वाटणारच. पण देशनिहाय मर्यादा तिने हलली नाही. ती काढणारे विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. २०२० च्या डिसेंबरमध्ये सिनेटने आपले वेगळे रूप मंजूर केले, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळले.

अमेरिकेला दोष देताना आपल्या अंगणातही पाहावे. पाकिस्तानातून आलेली हिंदू कुटुंबे जळगाव शहरात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. नूतनीकरण, पोलिसांची नोंद, नागरिकत्वाची प्रतीक्षा, सगळे तेच. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम असल्याचा खुलासा येईपर्यंत त्या घरांनी काय सोसले असेल, ते अमेरिकेत मुलगा असलेल्या बापाला तरी उमगावे.

मग आपण काय करावे? एक, मुलाला येण्याचा आग्रह करण्यापूर्वी शिक्क्याची तारीख विचारावी. प्रकृती साथ देत असेल तर आपणच पर्यटक व्हिसावर जाऊन यावे. दोन, पासपोर्टच्या नूतनीकरणाची त्याला आठवण करावी. तीन, वधूपित्यांनी हे नीट समजून घ्यावे की कार्ड हाती येण्याआधी लग्न झालेली पत्नी पतीच्याच अर्जात सामील होते. कार्ड आल्यानंतर लग्न झाले तर तिला वेगळ्या, काही वर्षांच्या रांगेत थांबावे लागते. म्हणजे 'कार्डवाला' मुलगा शोधणे नेहमीच शहाणपणाचे नसते. चार, आय-४८५ भरल्यावर वास्तव्याला आधार मिळतो, १८० दिवसांनंतर तशाच कामाची दुसरी नोकरीही धरता येते, तरी जमेल तोवर एच-वन बी सोडू नये. अर्ज फेटाळला गेला तर पायाखाली तेवढीच जमीन उरते.

आणि पाचवे, इथले घर आणि शेत विकण्याची घाई करू नये. परत येणे म्हणजे हरणे, ही समजूत आपणच गावात रुजवली आहे. साठ दिवसांच्या मुदतीपेक्षा 'गावात काय सांगू' या विचाराने माझे काही विद्यार्थी अधिक खचलेले मी पाहिले आहेत. अमेरिकेचा कायदा बदलणे आपल्या हातात नाही. परतलेल्या मुलाला "काय झालं?" असे न विचारता "बस, जेवून घे" म्हणणे मात्र फैजपूरच्या हातात आहे.