पांढरीची साक्ष

नगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती कुटुंबातली, पुरातत्त्व हा विषय घेऊन शिकणारी एक मुलगी काही वर्षांपूर्वी इस्राएल व पॅलेस्टाइन येथील बायबलकालीन स्थळांच्या अभ्यासदौऱ्यावर जाऊन आली, तेव्हा तिच्या आजीने, प्रवासाच्या थकव्याची विचारपूसही पुरती होण्याआधी, तिला एकच प्रश्न केला: "यरीहोची भिंत पाहिलीस का गं?" ज्या घरात तीन पिढ्या मराठी बायबल नित्य वाचले गेले, त्या घराला यहोशवाच्या सैन्याने रणशिंगे फुंकताच कोसळलेली ती भिंत शेजारच्या गावाच्या वेशीइतकी परिचयाची असावी, यात नवल नाही.

असा दौरा विद्यार्थ्याने कशासाठी करावा, यासंबंधी आपल्याकडे दोन मते आढळतात आणि दोन्ही मला सारखीच घातक वाटतात. श्रद्धाळू मंडळींची अपेक्षा अशी की, विद्यार्थ्याने धर्मग्रंथातील वृत्तान्ताला दगडविटांचा पुरावा मिळवून आणावा. स्वतःला बुद्धिवादी म्हणविणाऱ्यांची अपेक्षा अशी की, ती सारी कपोलकल्पना असल्याचा दाखला त्याने परतताच रुजू करावा. फैसला आधी लिहून ठेवून मग पंचनाम्यास निघण्याचा हा प्रकार आहे. आणि अशा रीतीने गेलेला विद्यार्थी जे मत गाठीस बांधून गेला, तेच घेऊन परत येतो.

यरीहोचेच पाहा. गावाची वस्ती ज्या मातीवर पिढ्यान्पिढ्या नांदली, तिला आपण पांढर म्हणतो. जुनी घरे खचून त्यांवर नवी उठत गेल्याने जो उंचवटा होतो, ते पांढरीचे टेकाड. अशाच टेकाडाला अरबी व हिब्रू भाषांत 'तेल' अशी संज्ञा असून, यरीहोचे टेकाड तेल एस-सुलतान या नावाने ओळखले जाते. तेथे 1930 ते 1936 या काळात उत्खनन करणाऱ्या जॉन गार्स्टँग यांना एक दुहेरी तट कोसळलेल्या अवस्थेत आढळला आणि हीच यहोशवाच्या स्वारीत पडलेली भिंत, असे त्यांनी जाहीर केले. पुढे 1952 ते 1958 या काळात कॅथलीन केन्यनबाईंनी तेच टेकाड अधिक काटेकोरपणे, थर न् थर वेगळा राखून खणले, तेव्हा तो तट यहोशवाचा म्हणून मानल्या जाणाऱ्या कोणत्याही काळाहून शतकानुशतके आधीचा ठरला. आणि बहुतेक अभ्यासक ज्या शतकात ती स्वारी कल्पितात, त्या इ. स. पूर्व तेराव्या शतकात तेथे तटबंदीचे नगर असल्याची खूणही त्यांना सापडली नाही. मात्र त्याच खोदाईत, ज्याचा धर्मग्रंथात उल्लेखही नाही असा एक दगडी बुरूज उजेडात आला: सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा, साडेआठ मीटर उंचीचा, पोटात 22 पायऱ्यांचा जिना असलेला, आणि तोही मातीचे भांडे भाजण्याची कला अवगत नसलेल्या माणसांनी रचलेला.

येथवर वाचून बुद्धिवादी वाचक संतोष पावला असेल, तर त्याने यरुशलेमच्या भुयारात उतरावे. अश्शूरचा राजा सन्हेरीब इ. स. पूर्व 701 मध्ये यहूदाच्या राज्यावर चालून आला. वेढा पडल्यास नगराला पाणी कोठून मिळावे, या विवंचनेतून तेथील राजा हिज्कीयाने पाणी नगरात वळविल्याचा उल्लेख बायबलात आहे, आणि गीहोनच्या झऱ्यापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंत खडकातून खोदलेले 533 मीटर लांबीचे ते भुयार आजही वाहते आहे. त्याच्या भिंतीवर 1880 मध्ये एक शिलालेख आढळला, जो तुर्की अमलाच्या काळात इस्तंबूलला गेला आणि आजही तेथेच आहे. त्यात राजाचे नाव नाही. दोन टोकांकडून खणीत आलेल्या कामगारांच्या दोन टोळ्यांना, मध्ये थोडेच हात खडक उरला असता, एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले, एवढेच त्यात सांगितले आहे. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथ आणि खडक येथे एकमेकांना दुजोरा देताना दिसतात; परंतु ज्याच्या नावाने हे काम ओळखले जाते त्याच्याविषयी खडक मौन पाळतो, हेही त्याने आपल्या वहीत टिपले पाहिजे.

त्याच स्वारीचा तिसरा दस्तऐवज तर दप्तरखान्यात आयुष्य घालविलेल्या कारकुनालाही मोह पाडील असा आहे. हिज्कीयाने सन्हेरीबाला दिलेल्या खंडणीचा हिशेब दोन्ही पक्षांनी लिहून ठेवला आहे: बायबलाप्रमाणे सोने 30 किक्कार (हे त्या काळचे वजनाचे माप) आणि चांदी 300 किक्कार, अश्शूरी लेखाप्रमाणे सोने 30 आणि चांदी 800. सोन्याचा आकडा तंतोतंत जुळतो, चांदीचा जुळत नाही. लाखीश हे नगर जिंकल्याची चित्रे सन्हेरीबाने निनवेच्या राजवाड्यात शिळांवर कोरून घेतली, जी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि वेढ्यासाठी रचलेला दगडांचा उतार लाखीशच्या टेकाडाला आजही टेकलेला आहे. यरुशलेम जिंकल्याचा दावा मात्र त्याने कोठेही केलेला नाही. बखरी आणि फर्माने पडताळून पाहणाऱ्या आपल्या इतिहासकारांना हा अनुभव अपरिचित नाही. एकाच साक्षीदाराचे एक वाक्य ग्राह्य धरून दुसरे राखून ठेवावे लागते, आणि ते प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवावे लागते.

ही शिस्त आपणास सर्वस्वी परकी नाही. केन्यनबाई ज्या मॉर्टिमर व्हीलरांच्या हाताखाली तयार झाल्या, त्यांनीच 1944 मध्ये तक्षशिलेस भारतीय तरुणांसाठी उत्खननाचा वर्ग चालविला. आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. ह. धी. सांकलिया यांनीही विलायतेत त्यांच्याच खोदाईत धडे घेतले होते. यरीहोचे थर उलगडत होते त्याच वर्षांत, 1954 ते 1956 या काळात, सांकलियांनी नेवाशाची पांढर खणली आणि तेथे ताम्रपाषाणयुगापासून मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचे अवशेष मिळाले. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली तेच हे नेवासे. परंतु त्या खापरांमुळे ज्ञानेश्वरीची एकही ओवी अधिक खरी वा कमी खरी झाली, असे कोणा वारकऱ्यालाही वाटले नाही. हाच समंजसपणा यरीहोच्या बाबतीत अवघड का व्हावा?

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटू नये. ही टेकाडे निर्जन नाहीत. हिज्कीयाच्या भुयाराच्या परिसरात सिलवान ही पॅलेस्टिनी वस्ती असून, घरांच्या खाली उत्खनन आणि घरांच्या मालकीचे तंटे, दोन्ही तेथे एकाच वेळी चालू आहेत. कोणता थर जपावा आणि कोणता खणून काढून टाकावा, हा प्रश्न तेथे केवळ विद्वानांच्या सभेत सुटत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या उंबरठ्याचे मोजमाप घेणाऱ्याने, आजच्या उंबरठ्यावर बसलेल्या माणसालाही नमस्कार करून दोन शब्द विचारावेत, एवढी तरी अपेक्षा गैरवाजवी नव्हे.

म्हणून अशा दौऱ्यावर विद्यार्थ्यांना धाडणाऱ्या विद्यापीठांना व धर्मसंस्थांना माझी सूचना इतकीच की, त्यांच्याकडून पुरावा मागू नये, नोंदवही मागावी; आणि तिच्यात जे पाहिले, जे वाचले आणि जे अनुमानले, त्यांचे रकाने वेगळे असावेत.

त्या मुलीने आजीला सरळ उत्तर दिले: "भिंती पाहिल्या, आजी, पण त्या यहोशवाच्या कितीतरी आधीच पडलेल्या होत्या." मग तिने त्या बुरुजाची, त्याच्या 22 पायऱ्यांची हकिकत सांगितली. वृद्धा दुखावेल अशी घरच्यांना धास्ती होती. ती काही वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारले, "मग तो बुरूज बांधणारी माणसं कुणाची प्रार्थना करत असतील गं?"