चालणे एक, रिपोर्ट दोन

शहाद्यात आम्ही आणि आमची धाकटी जाऊ, दोघी फजरच्या नमाजनंतर प्रकाशा रस्त्याने चालायला जातो. रोज पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. घर एक, चूल एक, भाकरी एकाच तव्यावरची. चार महिन्यांनी दोघींनी पुन्हा रक्त तपासून घेतले. धाकटीचा एचडीएल, म्हणजे चांगला कोलेस्टेरॉल, ३८ वरून ४४ वर गेला. आमचा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९६ होता तो १९३ झाला. बस्स, एवढेच.

सासूबाई हसत म्हणाल्या, "दुल्हन, चोरून तळलेले खातेस की काय?" गंमतच होती, पण मनाला लागली. पुढचा आठवडाभर आम्ही घराबाहेर पाऊल टाकले नाही.

शाळेत धडा एक असतो, शिकवणारी बाई एक असते, तरी सगळ्यांना गुण सारखे पडत नाहीत. शरीराचेही तसेच आहे. अमेरिका आणि कॅनडात १९९० च्या दशकात 'हेरिटेज' नावाचा मोठा अभ्यास झाला. आई-वडील आणि मुले अशा कुटुंबांना २० आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली सायकल चालवायला लावली. सरासरी एचडीएल साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढला. पण ही झाली सरासरी. कुणाचा बराच वाढला, कुणाचा तसाच राहिला, काहींचा तर घटला. एका कुटुंबातल्या माणसांत मात्र हा बदल काही प्रमाणात मिळताजुळता दिसला, म्हणजे त्यात रक्ताच्या नात्याचाही वाटा होता. एलडीएल तर सरासरीने फारसा हललाच नाही.

आम्ही दोघी जावा. चूल एक असली तरी माहेर वेगळे, रक्त वेगळे. रक्तातला एलडीएल यकृत उचलून घेते. ते किती उचलणार, हे आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवरही अवलंबून असते. काही घराण्यांत हे उचलण्याचे कामच जन्मापासून अधू असते. साधारण २५० माणसांत एकाला हा दोष असतो आणि आई-वडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. अशा माणसाचा एलडीएल नुसत्या चालण्याने पुरेसा उतरत नाही, औषध लागतेच.

डॉक्टरांनी आमचा रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न विचारला, "वडील कशाने गेले?" अब्बा ४८ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि भावंडांची, मुलांची तपासणी करून घ्यायला सांगितले. भाऊ मिरचीच्या व्यापारात, अंगाने काडीसारखा. "मला काय धाड भरली आहे?" म्हणत होता. त्याचा एलडीएल आमच्यापेक्षाही जास्त निघाला. आता तोही गोळी घेतो.

मग चालायचे कशाला? चालण्याने साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड आटोक्यात राहायला मदत होते, हृदयाला बळ येते. रिपोर्टातला एक आकडा हलला नाही म्हणून हे फायदे वाया जात नाहीत. आपल्या लोकांना तर त्यांची गरज जास्त आहे. महाराष्ट्रासह देशाच्या चार भागांत झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत (२०१४) ७२ टक्के लोकांचा एचडीएल कमी आढळला होता. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस चालले की तेवढा होतो.

तुमच्या घरात कुणी पुरुष ५५ च्या आत किंवा बाई ६० च्या आत हृदयविकाराने गेली असेल, किंवा कुणाचा एलडीएल १९० च्या वर असेल, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा आणि सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांचे रक्त तपासून घ्या. गोळी सुरू असेल तर आकडा उतरला म्हणून मनाने बंद करू नका. आणि घरात कुणी मनापासून चालत असेल, तर रिपोर्ट पाहून त्याच्या ताटावर संशय घेऊ नका.

आम्ही पुन्हा चालायला लागलो आहोत. हल्ली सासूबाईही कोपऱ्यापर्यंत सोबत येतात.