आधी तिला एकटीला भेटा

दारू सोडवायची तर नवरा-बायकोला जोडीने बसवा, असा आग्रह समुपदेशक धरतात. मी बायकांसोबत अशा बैठकांना गेले आहे. "ताई, घरी काही त्रास?" ती नवऱ्याकडे बघते. "तसं काही नाही." असंच म्हणणार! परतीच्या एस.टी.त शेजारी तोच बसणार असतो.

मग येते डायसल्फिरामची गोळी. त्याने ती रोज तिच्यासमोर घ्यायची. वर दारू प्यायला तर उलट्या, धडधड. कागदावर करार दोघांचा, घरात मात्र पहारेकरीण ती. गोळी चुकली तर जाब तिला, आठवण केली तर मारही तिलाच.

जोडीचे उपचार कुचकामी आहेत असे मी म्हणत नाही. मारहाण नसलेल्या घरात त्यांचा उपयोग होतो. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यातले कलम १४ देखील समुपदेशन एकेकट्याचे किंवा एकत्र, दोन्ही मान्य करते. मग पहिली भेट तिची एकटीची का नको? दार लावून विचारा, मारतो का? 'हो' म्हणाली तर दुसरी खुर्ची उचला. गोळीचा पहारा दवाखान्याने करावा.